डिझेल बुलेटचा कनेक्टिंग रॉड: मोजमाप आणि री-साइझिंगच्या नोंदी

१ नोव्हेंबर २०२५

गाडी एनफिल्डची डिझेल बुलेट, म्हणजे टॉरस. इंजिन ग्रीव्ह्ज-लोम्बार्डिनीचं, एकच सिलेंडर, हवेवर थंड होणारं. बोअर (सिलेंडरचा व्यास) ७८ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ६८ मिमी, म्हणजे ३२५ सीसी. ३६०० आरपीएमला साडेसहा हॉर्सपॉवर. कंपनीने २०००च्या आसपास, उत्सर्जनाचे नियम कडक झाल्यावर, ही गाडी बंद केली. तरी कागल, निपाणी, गडहिंग्लज पट्ट्यात अजून दिसते, कारण एका लिटरला सत्तरच्या पुढे जाणारी बुलेट दुसरी मिळत नाही.

मालक कागलकडचे आबा. डेअरीला दूध घालणं, रानात जाणं, पाहुण्यांकडे जाणं, सगळं याच गाडीवर. तक्रार एकच: खालून ठोका येतो. वर्षाभरापूर्वी इंजिन एकदा उघडून 'बेअरिंग घातलंय' एवढं त्यांना माहीत आहे. काही महिने आवाज बंद होता, मग परत सुरू झाला, आणि या वेळी जास्त.

डिझेल इंजिन मुळात ठोकतंच, त्यामुळे कान फसतो. मी एक साधी परीक्षा घेतो. इंजिन चांगलं गरम करायचं, रेस वाढवायची आणि डिझेल एकदम तोडायचं. ज्वलनाचा ठोका असेल तर तो तिथल्या तिथे मरतो. इंजिन फिरत फिरत थांबेपर्यंत 'टक टक' चालू राहिली तर ती लोखंडाची. आज ती चालू राहिली. ऑइल काढून पांढऱ्या फडक्यावर गाळलं, तर उन्हात धरल्यावर रुपेरी कण चमकले, अधेमधे तांबूसही. कनेक्टिंग रॉड म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा. त्याच्या क्रँककडच्या टोकाचं, म्हणजे बिग एंडचं शेल (दोन अर्ध्यांचं पातळ बेअरिंग) संपलंय हे नक्की. एका वर्षात का संपलं, ते शोधायचं आहे.

३ नोव्हेंबर

इंजिन फ्रेममधून उतरवलं, उघडलं. हेड आणि सिलेंडर ठीक. पिस्टनच्या स्कर्टवर (रिंगांखालच्या भिंतीवर) एका बाजूला खालच्या अंगाला आणि दुसऱ्या बाजूला वरच्या अंगाला घासल्याच्या खुणा आहेत. हे रॉड वाकल्याचं लक्षण असू शकतं. पुढे मोजताना लक्षात ठेवायचं.

शेल बाहेर काढून टेबलावर दोन्ही अर्धे शेजारी ठेवले. शेल कसं खराब झालंय यावरून निम्मा पंचनामा होतो, म्हणून ते पुसून टाकायच्या आधी नीट बघावं. ऑइल कमी पडून गेलेलं शेल सगळीकडून सारखं फासटलेलं असतं. कचरा गेला असेल तर गोल फिरलेल्या चरा दिसतात. इथे तसं काही नव्हतं. दोन्ही अर्ध्यांच्या टोकांना, म्हणजे कॅपच्या (बिग एंडच्या सुट्या अर्ध्याच्या) जोडाजवळ, वरचा थर उडून तांबूस धातू उघडा पडलेला. मधल्या भागात खालच्या शेलवर एकच झळाळता पट्टा, तोही एका कडेला सरकलेला. शेलच्या पाठीवर, रॉडला टेकणाऱ्या बाजूला, काळपट डाग. म्हणजे शेल रॉडमध्ये सगळीकडून टेकलेलंच नव्हतं. जिथे टेकत नाही तिथून उष्णता बाहेर जात नाही, आणि तिथे ऑइल जळून काळं होतं.

टोकांशी खाल्लेलं शेल आणि पाठीवर काळे डाग हे दोन्ही एकत्र दिसलं की माझी नजर आधी रॉडकडे जाते, क्रँककडे नंतर.

क्रँकपिन, म्हणजे रॉड जिच्यावर फिरतो ती पिन, मायक्रोमीटरने बघितली. ६० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) लंबगोल, २० मायक्रॉन टेपर, म्हणजे दोन टोकांच्या मापांत तेवढा फरक. ग्राइंडिंगला जाणारच. पण आत्ता नाही.

५ नोव्हेंबर

आजचा दिवस रॉड मोजण्याचा. हे काम घाईत होत नाही, आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त टाळलं जातं तेही हेच. इंजिन उघडलं की क्रँक ग्राइंडिंगला जातो, त्या साइझचं शेल येतं आणि रॉड रॉकेलने धुऊन परत बसतो. रॉड म्हणजे न झिजणारी वस्तू, असा समज आहे. खरं तर शेल म्हणजे दीड-दोन मिलिमीटर जाडीचा पत्रा. त्याला स्वतःचा आकार नसतो, रॉडच्या भोकाचा जो आकार तोच त्याचा. भोक लंबगोल तर कोरं करकरीत शेलही लंबगोल.

मोजायची पद्धत इथे सविस्तर लिहितो.

आधी कॅप आणि रॉडचे जोड पेट्रोलने धुतले, कोरड्या फडक्याने पुसले, अंगठ्याचं नख फिरवून बघितलं. कडेला एक बारीक बर (उठलेली धार) लागली, ती तेलदगडाने काढली. शेल न घालता कॅप तिच्या जागी बसवली. रॉडवर आणि कॅपवर एकाच बाजूला आकडे पंच केलेले असतात, ते समोरासमोर हवेत. उलटी बसलेली कॅप मोजून काही उपयोग नाही. बोल्टच्या आट्यांना आणि डोक्याखाली ऑइलचा थेंब लावून टॉर्क रेंचने पुस्तकातल्या टॉर्कपर्यंत तीन टप्प्यांत आवळलं. हाताच्या अंदाजाने आवळून मोजलेलं भोक आणि पूर्ण टॉर्कवरचं भोक यांत मला १५-२० मायक्रॉनपर्यंत फरक मिळालेला आहे, आणि आपली सगळी लढाई तेवढ्याच मापाची असते.

रॉड व्हाइसमध्ये आवळताना तोंडाला ॲल्युमिनियमचे जबडे लावले आणि बिग एंडच्या दोन्ही बाजूंनी धरला. मधल्या दांड्याला धरून बोल्ट आवळले तर रॉडला पीळ बसतो.

बोअर डायल गेज बाहेरच्या मायक्रोमीटरवर पुस्तकातल्या किमान मापाला शून्य केला. वरची हद्द त्यापेक्षा १६ मायक्रॉन जास्त. चार दिशांनी मोजलं: उभं, म्हणजे रॉडच्या लांबीच्या दिशेने, आडवं, पण नेमकं जोडावर नाही, थोडं बाजूला, आणि दोन तिरके. प्रत्येक दिशा दोन्ही तोंडांजवळ.

उभं: पुढच्या तोंडाला शून्याच्या खाली ७०, मागच्या तोंडाला खाली ५८.
आडवं: शून्याच्या वर ४.
एक तिरकं: खाली ६५. दुसरं तिरकं: खाली ३५.

झिजून, ताणून गेलेल्या रॉडचं भोक उभ्या दिशेने वाढतं आणि आडव्याने थोडं मिटतं. पिस्टन वर जाऊन परत फिरताना प्रत्येक फेऱ्याला कॅपला हिसका देतो, त्याचा तो परिणाम. इथे सगळं उलटं आहे. उभं माप कमी झालंय. मापं स्वतःहून कमी होत नाहीत. दोन तिरके एकमेकांशी जुळत नाहीत, पुढचं-मागचं तोंडही जुळत नाही. एकच अर्थ निघतो.

खात्री करायला कॅप सोडली आणि सरफेस प्लेटवर निळा (टेकलेली जागा दाखवणारा रंग) लावून फिरवली. रॉडच्या बाजूचा जोड छान उमटला, त्यावर कारखान्यातल्या ग्राइंडिंगच्या समांतर रेषा अजून शाबूत आहेत. कॅपचा निळा मात्र दोन कोपऱ्यांत तेवढा उमटला. भिंगाखाली धरली तर तिरक्या, एकात एक गेलेल्या रेघा. कानशीच्या.

म्हणजे मागच्या वेळी घडलं ते असं: पिन झिजून लंबगोल झाली होती, त्यावर जुन्याच साइझचं शेल घातलं, तरी खेळ राहिला. तो घालवायला कॅपचा जोड घासला. हातात घेऊन हलवल्यावर खेळ गेल्यासारखा वाटतो, आवाजही काही दिवस बंद होतो. पण शेलची टोकं मुळात जोडाच्या किंचित वर राहतील अशीच बनवलेली असतात, आवळल्यावर ती दाबली जाऊन शेल भोकात घट्ट बसतं. या दाबाला क्रश म्हणतात. कॅप घासली की क्रश प्रमाणाबाहेर जातो, टोकांना जागा मिळत नाही, ती आत पिनकडे वळतात आणि नेमकी तिथेच ऑइलची फिल्म तोडतात. टोकांवरचा तांबूस धातू तिथून आला.

पूर्वीच्या व्हाइट मेटल ओतलेल्या बेअरिंगमध्ये जोडात पातळ शिम (पत्र्याचे पातळ तुकडे) असत. झीज झाली की एक शिम काढायची, बेअरिंग स्क्रॅपरने जमवायचं. ती रीत त्या बेअरिंगला बरोबर होती. आपल्याकडचे जुने कारागीर ऑइल इंजिनावर तेच शिकले आणि त्यांच्या हाताखालच्यांनी ते शेलवाल्या रॉडलाही लावलं. पातळ शेलला ही रीत चालत नाही. हे मी ठासून लिहितो, कारण घासलेल्या कॅपचे रॉड मला वारंवार दिसतात आणि प्रत्येक वेळी मालकाचा शेलचा खर्च वाया गेलेला असतो.

६ नोव्हेंबर

रॉड वापरायच्या लायकीचा आहे का, हे री-साइझच्या, म्हणजे भोक परत मूळ मापाला गोल करण्याच्या, आधी ठरलं पाहिजे. तडा गेलेल्या रॉडवर होनिंगचे (दगडाने भोक घासून मापात आणण्याचे) पैसे घालण्यात अर्थ नाही.

डाय पेनिट्रंटचं किट वापरलं. रॉड चकचकीत धुऊन वाळवला, लाल द्रव फवारला, वीसेक मिनिटं थांबलो, फडक्याने पुसला, वर पांढरा डेव्हलपर. तडा असेल तर आत शिरलेला लाल रंग परत वर शोषला जाऊन पांढऱ्यावर रेघ उमटते. बघायच्या जागा ठरलेल्या: बोल्टच्या डोक्याखालचा कोपरा, दांडा बिग एंडला मिळतो ती वळणं, स्मॉल एंडचं (पिस्टनकडच्या टोकाचं) ऑइलचं भोक. बोल्टच्या बैठकीच्या कोपऱ्यात एक लालसर ठिपका आला. पुसून परत केलं, परत आला नाही. फोर्जिंगच्या खवल्यात अडकलेला रंग होता तो. तड्याची रेघ पुसली तरी पुन्हा त्याच जागी उमटते. रॉड स्वच्छ.

बोल्ट मात्र दोन्ही बाद. मूळ लांबी माहीत नसली तरी दोघांची एकमेकांशी तुलना करता येते. एक दुसऱ्यापेक्षा ०.१८ मिमी लांब, आणि त्याच्या आट्यांवर नट हाताने फिरवताना मध्यावर अडकतो. ताणलेल्या बोल्टची हीच खूण. वाकडा घासलेला जोड आवळताना बोल्टला सरळ ताण बसत नाही, बाकही बसतो. नवे बोल्ट-नट आधी आणायचे, कारण पुढचं होनिंग त्याच बोल्टवर झालं पाहिजे. होनिंग जुन्या बोल्टवर करून गाडीत नवे घातले तर कॅप वेगळ्या जागी बसू शकते.

९ नोव्हेंबर

आबांचा फोन: "नवा रॉडच घाला की, कशाला जुन्याच्या मागं लागताय?" प्रश्न रास्त आहे. म्हणून बाजारात मिळणारा एक नवा रॉड परत करण्याच्या बोलीवर आणला आणि जुन्यासारखाच मोजला. उभं-आडवं जुळतं, पण एका तोंडाला भोक शून्याच्या वर १०, दुसऱ्या तोंडाला वर ३४. म्हणजे २४ मायक्रॉन टेपर, शिवाय एक बाजू हद्दीबाहेर. तसाच बसवला असता तर शेल एका कडेवर चाललं असतं. त्यालाही होनिंग लागलंच असतं, आणि तिथे घ्यायला माल शिल्लक नाही, भोक आधीच मोठं.

जुन्याचं फोर्जिंग मूळचं आहे, तडा नाही, आडवं माप हद्दीत आहे. आडव्या मापाचं महत्त्व सांगायला हवं. कॅपचा जोड ग्राइंड करून आपण फक्त उभं माप कमी करू शकतो. जोडातून ५० मायक्रॉन काढले तरी आडव्या मापाला मायक्रॉनचाही फरक पडत नाही, कारण आपण वर्तुळाच्या नेमक्या मध्यावरून कापतोय. म्हणजे आडवं भोक मोठं झालेल्या रॉडला ही पद्धत तारू शकत नाही. आमचं आडवं वर ४ आहे, हद्द १६ पर्यंत. जागा आहे.

ठरलं: जुना रॉड री-साइझ.

१४ नोव्हेंबर

कोल्हापूर, उद्यमनगर. गळीत हंगाम सुरू झालाय, त्यामुळे शॉपच्या दारात ट्रॅक्टरच्या ब्लॉक-हेडची रांग. एका सिलेंडरच्या गाडीला मेस्त्रींनी वेळ दिला याचं मला मोल आहे.

त्यांनी कॅप हातात घेऊन उजेडाकडे धरली. "कानस लागलीया हिला. ही बघा, या अंगाला जादा खाल्लीया." मी मोजलेले आकडे दाखवले. त्यांनी कागद बघितला आणि आपल्या गेजवर परत मोजलं. बरोबरच केलं. जो भोक कापणार त्याने स्वतःच्या गेजवरच विश्वास ठेवावा.

कॅप ग्राइंड करताना खरी कसोटी ती धरण्याची. जोडाचं प्रतल भोकाच्या अक्षाला समांतर राहिलं पाहिजे, नाहीतर एक वाकडेपणा काढून दुसरा घालतो. त्यांच्याकडे सरफेस ग्राइंडरवर कॅप बसवायचं फिक्स्चर आहे: कॅपचं बाजूचं सपाट तोंड काटकोनाला टेकतं आणि पोट खालून आधारावर. डायल फिरवून दोन्ही टोकं बघितली, मगच चाक खाली आणलं. एका वेळी पाच मायक्रॉन. पहिल्या फेऱ्यांना ठिणगी फक्त दोन कोपऱ्यांतून उडत होती, निळा उमटला होता तेच कोपरे. हळूहळू ठिणगी पूर्ण तोंडभर आली आणि आवाज एकसारखा झाला. तिथे थांबले. रॉडच्या बाजूचा जोड निळ्यावर सपाट आहे म्हणून त्याला हात लावला नाही.

कडा तेलदगडाने मोडल्या, शेलची जीभ बसते ती खाच साफ केली. नवे बोल्ट घालून टॉर्क, सोडून पुन्हा टॉर्क. दोन्ही वेळा माप तेच आलं पाहिजे. आलं: उभं खाली ८५, पुढे-मागे सारखं. दोन्ही तिरके खाली ६०. आडवं वर ४, होतं तसंच. भोक अजून लहान आणि लंबगोलच आहे, पण आता ते दोन्ही अंगांनी सारखं लंबगोल आहे. यातून गोल काढता येतो.

१५ नोव्हेंबर

होनिंग. मशीन जुनं, आडव्या मँड्रेलचं (फिरणाऱ्या दांड्याचं). मँड्रेलच्या एका अंगाला दगड, समोरच्या अंगाला टेकू देणारे बूट, वरून होनिंग ऑइलची धार. रॉड हातात धरून मागे-पुढे सरकवायचा.

मशीन आपलं आपण मध्य शोधतं, कारण दगड आधी उंच जागेलाच लागतो. मात्र एकटा रॉड मँड्रेलवर डोलतो, आणि डोलला की भोकाची तोंडं रुंद होतात. दोन रॉड जोडीने धरले तर रुंदी मिळून डोलणं कमी होतं. आमच्याकडे एकच. म्हणून मेस्त्री काही फेऱ्यांनंतर रॉड उलटा करून धरायचे, आणि दर वेळी भोकाच्या बाहेर दगड किती येतोय यावर नजर. बाहेर जास्त आला की तोंड खातो, कमी आला की मध्य खातो.

सुरुवातीला भोकाच्या आत वर-खाली दोन चकचकीत चंद्रकोरी दिसत होत्या, बाजूंना जुना काळपट रंग तसाच. चंद्रकोरी वाढत जोडाकडे सरकत गेल्या. उभं माप खाली १० वर आल्यावर काम थांबवलं आणि रॉड ऑइलमधून काढून पाट्यावर ठेवला. घासून तापलेला रॉड मोजू नये. ४० मिमीच्या भोकात दहा अंशांचा फरक म्हणजे जवळजवळ पाच मायक्रॉन, आणि आमची सगळी हद्द सोळाची. चहा झाला, रॉड हाताला गार लागला, मग मोजला. नंतर बारीक दगड लावून शेवटचं काम.

शेवटची मापं: उभं वर ९. तिरके वर ९ आणि वर १०. आडवं वर ८. पुढचं तोंड, मध्य, मागचं तोंड यांत दोन मायक्रॉनच्या आत. जोडाजवळ जुन्या रंगाची केसाएवढी रेघ उरली आहे. ती गेली नाही म्हणून आणखी कापायला मी नको म्हटलं, आणि मेस्त्रींचंही तेच मत. माप बरोबर आलं की थांबायचं.

या सगळ्यात रॉडची लांबी किंचित कमी होते. ८५ मायक्रॉनची कमतरता होनने वर आणि खाली निम्मी निम्मी भरून काढली, म्हणजे भोकाचा मध्य साधारण ४२ मायक्रॉन वर, पिस्टनकडे सरकला. पेट्रोल इंजिनात याकडे कुणी बघत नाही. डिझेलमध्ये बघायला हवं. ७८च्या बोअरमध्ये पिस्टन ४२ मायक्रॉन खाली थांबला तर वरची जागा ०.२ सीसीने वाढते. कॉम्प्रेशन १८ धरलं तर ते १७.८ वर येतं. फार नाही, पण थंडीत सकाळी किक मारणाऱ्याला हा फरक जाणवू शकतो. सिलेंडरखालच्या शिमने भरून काढता येईल.

१७ नोव्हेंबर

स्मॉल एंड. जुना गनमेटल बुश दाबून काढला, नवा दाबून बसवला, ऑइलचं भोक रॉडच्या भोकाशी जुळवून. दाबल्यावर बुश आतून मिटतो, म्हणून आतलं माप नंतरच करायचं. आणि ते बिग एंड तयार झाल्यावरच, कारण आता बिग एंडचं भोक हा आपला पाया आहे. त्याला समांतर बुश कापला तर पिस्टन सरळ उभा राहतो.

आधी रॉडचा वाकडेपणा बघितला, पिस्टनच्या त्या तिरक्या खुणांसाठी. बिग एंडमध्ये घट्ट मँड्रेल घालून व्ही ब्लॉकवर ठेवला, वर गजन पिनच्या (पिस्टन आणि रॉड जोडणाऱ्या पिनच्या) मापाचा लांब बार. दोन्ही अंगांना १०० मिमी अंतरावर डायल टेकवला. वाक ०.०३, पीळ ०.०४. मी १०० मिमीला ०.०५च्या पुढे असेल तरच प्रेसकडे जातो. म्हणजे रॉड वाकलेला नाही. पिस्टन तिरका चालत होता तो वाकड्या घासलेल्या कॅपमुळे, शेल एका कडेवर बसल्याने.

उरलेला फरक बुश होन करताना निघाला. गजन पिनला २० मायक्रॉन जागा ठेवली. ऑइल लावून पिन अंगठ्याने सरकते, उभी धरली तर स्वतःच्या वजनाने हळू उतरते.

२२ नोव्हेंबर

आता क्रँक. ०.२५ मिमीने बारीक केलेल्या पिनसाठीचं शेल, आपल्याकडच्या भाषेत दहा थाऊचं, रॉडमध्ये बसवून पूर्ण टॉर्कवर आतलं उभं माप घेतलं. शेल टोकांकडे मुद्दाम थोडं पातळ केलेलं असतं, म्हणून क्लिअरन्स (शेल आणि पिनमधली फट) नेहमी उभ्या मापावर काढायचा. ते माप कागदावर लिहून ग्राइंडिंगवाल्यांना दिलं आणि पिन त्यापेक्षा ०.०४५ ने कमी मागितली.

आधी रॉड, मग त्यात शेल, मग त्या मापाला क्रँक. तक्त्यातली अंडरसाइझ बघून क्रँक आधीच ग्राइंड केली तर रॉडचा, शेलचा आणि पिनचा असे तिघांचे फरक एका बाजूला साठू शकतात, आणि मग परत कुणालातरी कानस आठवते. ग्राइंडिंगवाले काका म्हणाले, "असं माप घिऊन येणारी लई कमी." त्यांनी तेवढ्याच मनापासून काम केलं.

दुसरी मागणी कोपऱ्यांच्या गोलाईची. पिन जिथे वेबला (क्रँकच्या बाजूच्या जाड भागाला) मिळते तिथली मूळ गोलाई ठेवलीच पाहिजे. तिथे चाकाने धारदार कोपरा काढला तर डिझेलची क्रँक तिथूनच तुटते. चाक ड्रेस करून गोलाई ठेवली, रेडियस गेजने मी स्वतः बघितली. लंबगोलपणा तीन मायक्रॉन.

२४ नोव्हेंबर

धुणं. क्रँकमधल्या ऑइलच्या वाटेचा प्लग काढला. आत काळा, डांबरासारखा गाळ, त्यात जुन्या शेलचे कण. हा तसाच राहिला असता तर नव्या शेलवर पहिल्याच तासात आला असता. तार, रॉकेल, हवा, परत रॉकेल. रॉडही साबण आणि गरम पाण्याने, कारण होनिंगच्या दगडाची पूड रॉकेलने पूर्ण निघत नाही. पांढरं फडकं भोकात फिरवून ते पांढरंच बाहेर येईपर्यंत. मग लगेच ऑइल.

२९ नोव्हेंबर

जुळवणी. क्रश बघायची सोपी रीत: शेल घालून दोन्ही बोल्ट पूर्ण आवळायचे, मग एक सोडायचा. सुटलेल्या बाजूला जोडात फट पडते. ०.०५चा फीलर (फट मोजायची पत्र्याची पट्टी) गेला, ०.१०चा गेला नाही. क्रश आहे, जास्त नाही.

प्लास्टिगेजची (दाबल्यावर पसरून फट दाखवणारी मऊ) पट्टी पिनवर तिच्या लांबीच्या दिशेने ठेवून कॅप आवळली, क्रँक अजिबात न हलवता. सोडल्यावर पट्टीची रुंदी ०.०५१च्या खुणेला. गेजने काढलेला आकडा ०.०४६. प्लास्टिगेजने पाच-सात मायक्रॉन इकडे तिकडे चालतं. दोन्ही वेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी आले, हे महत्त्वाचं. पट्टीची रुंदी दोन्ही टोकांना सारखी आहे, म्हणजे टेपरही नाही.

पट्टी पुसून, शेलला ऑइल भरून शेवटचं आवळलं. रॉड बोटाने एका बाजूला झुकवला तर स्वतःच्या वजनाने खाली येतो, कुठे अडत नाही.

पिस्टन-हेडमधली जागा सोल्डरच्या तारेने बघितली. तारेचे दोन तुकडे गजन पिनच्या रेषेत, दोन अंगांना. तिथे ठेवले म्हणजे पिस्टनच्या डोलण्याने माप चुकत नाही. पहिल्यांदा तार पुस्तकातल्या वरच्या हद्दीच्या किंचित बाहेर आली, अपेक्षेप्रमाणे. सिलेंडरखाली आधीच्यापेक्षा पातळ शिम घालून परत तार दाबली, हद्दीच्या आत. तारेचे दोन्ही तुकडे एकमेकांशी दोन शतांशात जुळतात.

३ डिसेंबर

इंजिन फ्रेममध्ये. सुरू करायच्या आधी डिझेल बंद ठेवून आणि डिकॉम्प्रेशन (सिलेंडरमधला दाब सोडणारा खटका) उचलून किक मारत राहिलो, ऑइल वरपर्यंत चढेस्तोवर. मग डिझेलची हवा काढली. दोन-तीन किकांत चालू. दहा मिनिटं संथ, मग रेस वाढवून डिझेल तोडलं. इंजिन फिरत थांबेपर्यंत फक्त व्हॉल्व्ह आणि गिअरांचा आवाज. खालून काही नाही.

आबा तोवर येऊन बसले होते. त्यांनी कान लावून ऐकलं आणि विचारलं, "आता किती दिस?" मी सांगितलं: पहिले ५०० किलोमीटर ४०च्या पुढे न्यायची नाही, चढाला गिअर लवकर पाडायचा, इंजिन दाबून ओढू द्यायचं नाही, आणि १०० किलोमीटरला ऑइल बदलायला यायचं.

१३ डिसेंबर

१०० किलोमीटरचं ऑइल काढलं. फडक्यावर राखाडी छटा, नवे भाग घासून बसतानाची. चमक नाही, तांबूस कण नाहीत. १५डब्ल्यू-४० डिझेल ऑइल भरलं. जुन्या शेलचे अर्धे आणि त्यावरच्या मापांचा कागद आबांना दिला. कागदावर बिग एंडचं आत्ताचं माप, पिनची साइझ, शिमची जाडी आणि बोल्टचा टॉर्क लिहिलाय. पुढच्या वेळी हे इंजिन कुणीही उघडलं तरी त्याने आधी हा कागद बघावा, आणि कॅप घासायची गरज नाही हे त्याला कळावं. पुढचं ऑइल ५०० किलोमीटरला, तेव्हाच टॅपेट आणि हेडचे नट बघायचे आहेत.